सोंगणी, हिवाळी परीक्षा आणि मंडई

विद्यापीठाच्या परिपत्रकांवर विश्वास ठेवायचा तर पावसाळा सरताच विद्यार्थी फार उद्योगी होतात. २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन, २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि स्वच्छता, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ३१ ऑक्टोबरला एकता दौड, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. मध्ये मतदार जागृती, व्यसनमुक्ती, एखादा सप्ताह, एखादा पंधरवडा आणि या सगळ्यांतून वाट काढणारा युवा महोत्सव. प्रत्येकाचं परिपत्रक येतं, बॅनर छापून येतं, त्यापुढे उभं राहून फोटो निघतो आणि अहवाल रवाना होतो. कुहीच्या आमच्या छोट्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे रासेयोचा, कार्यक्रम अधिकारीही मीच, त्यामुळे ही सगळी बॅनरं माझ्या टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली असतात. जुन्या बॅनरवरच्या तारखेवर नवा कागद असा चिकटवायचा की फोटोत दिसू नये, ही कला मला आता बरी जमते.

अडचण एवढीच की कागदावर जेव्हा सगळ्यात जास्त हालचाल असते, नेमके तेव्हाच आमचे वर्ग सगळ्यात रिकामे असतात. पोळ्यापर्यंत बाकं बऱ्यापैकी भरलेली असतात. घट बसले की मागच्या रांगा जातात, दसऱ्यापर्यंत मधल्या. पुढे उरतात ती तालुक्याच्या गावातली दुकानदारांची, नोकरदारांची मुलं आणि ज्यांच्या घरी शेत नाही अन् मजुरीलाही कोणी पाठवत नाही अशी दोन-चार. बाकीची पोरं-पोरी सोयाबीनमध्ये असतात. सोयाबीन निघालं की धान. धानाच्या मागोमाग कापसाचा वेचा.

कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. कापसाचा मुलूख इथं संपत येतो आणि धानाची झाडीपट्टी सुरू होते. तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा, पलीकडे भंडारा जिल्हा. त्यामुळे आमच्या एकाच वर्गात सोयाबीनवाले, कापूसवाले, धानवाले आणि मिरचीवाले विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाची गैरहजेरी वेगवेगळ्या आठवड्यात पडते. हजेरीपट नीट पाहिला तर कोणत्या गावात काय पिकतं ते सांगता येतं. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम मला तोंडपाठ आहे, पण हा हजेरीपट हातात धरून तो नियम वर्गात मोठ्याने वाचायचं धाडस होत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून ती अकराच्या तासाला यायची आणि त्याच बोटांनी टिपणं घ्यायची. सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगांवरची लव आणि टोकं हाताला सोलून काढतात. मी विचारलं, "सकाळीच का जाता? कॉलेज झाल्यावर जाता येत नाही?" ती हसली. "सर, दुपारी शेंगा तडकते. सकाळी दव रायते ना, तेवा सोंगा लागते." उन्हं चढली की विळ्याच्या धक्क्याने शेंग फुटून दाणे मातीत जातात, म्हणून पहाटे अंधारात टोळी निघते आणि साडेनऊ-दहाला हात धुऊन बस धरते. काम ठेक्याचं, एकराच्या हिशोबाने. हिवाळी परीक्षेचा फॉर्म त्याच दिवसांत भरायचा असतो आणि त्याची फी बहुतेकींच्या बाबतीत याच पैशांतून निघते. शिष्यवृत्ती येते तेव्हा येते. सोयाबीनचे पैसे मात्र शेत मोकळं झालं की हातात पडतात. म्हणजे तास बुडवून केलेल्या सोंगणीवर त्याच तासांची परीक्षा द्यायची. यात काही गैर आहे असं तिला वाटत नव्हतं आणि तिला ते समजावून सांगावं असं मलाही कधी वाटलं नाही.

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरातल्या शाळेच्या सुट्टीला आजही लोक बटाट्याची सुट्टी म्हणतात. डेन्मार्कमध्येही तेच नाव होतं. मुलं बटाटे काढायला शेतात जाणारच, तेव्हा शाळेनंच दार लावून घ्यावं असा तो सरळ हिशोब. सोव्हिएत काळात तर विद्यापीठातली मुलं सप्टेंबरात सामूहिक शेतांवर बटाटे काढायला पाठवली जायची. आमच्याकडे सोयाबीनची सुट्टी नाही. दिवाळीची आहे, पण ती तिथीप्रमाणे पुढे-मागे सरकते आणि धान तिथी पाहून पिकत नाही. दिवाळी लवकर आली की सुट्टी संपते आणि कापणी उरते.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. कल्पना अशी की शिकणाऱ्या मुलांनी गावात जावं, श्रम करावेत, खेड्यातलं जगणं पाहावं. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास असं काम करायचं, दोन वर्षांत २४०. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या डोळ्यांसमोर शहरातला पांढऱ्या सदऱ्याचा विद्यार्थी असणार आणि त्याच्यासाठी ती उत्तमच आहे. आमच्या मुलांना खेडं दाखवायला न्यायचं म्हणजे त्यांच्या घरी जायचं. श्रमाच्या तासांचं म्हणाल तर सोंगणीच्या एका पंधरवड्यात त्यांचा वर्षाचा कोटा भरून वर उरतो, फक्त ते तास डायरीत लिहिता येत नाहीत, कारण त्याचे पैसे मिळालेले असतात. एका मुलाने मला हे फार गंभीरपणे विचारलं होतं: "सर, फुकट केलं तरच श्रमदान होते काय?" मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वच्छता मोहिमेला आला नाही.

त्यामुळे उपक्रम कुठला घ्यायचा यापेक्षा तो कधी घ्यायचा हा इथला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर परिपत्रकात नसतं. ते मला वनराई बंधाऱ्याच्या, म्हणजे पोत्यांच्या कच्च्या बंधाऱ्याच्या, वेळी मुलांनीच दिलं. रासेयोने दत्तक घेतलेल्या गावच्या नाल्यावर बंधारा घालायचं ठरलं होतं आणि मी गांधी जयंतीचा आठवडा धरून बसलो होतो. तेव्हा एक जण म्हणाला, "आता नोका घेऊ सर. सोयाबीन निंघू द्या. मंग आठ-दहा दिवस खालीच रायतो आमी. धान ओलं रायते ना तवा." सोयाबीन घरात आलंय आणि धानाच्या बांधीतलं पाणी अजून पुरतं उतरलं नाही, अशी एक फट दर वर्षी पडते. कधी दसऱ्याच्या आधी, कधी नंतर. ती आमच्या महाविद्यालयाच्या कोणत्याही वेळापत्रकात नाही आणि तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक आहे.

बंधाऱ्यालाही नेमके तेच दिवस मानवतात. लवकर घातला तर परतीचा पाऊस एका रात्रीत पोती वाहून नेतो आणि उशीर केला तर अडवायला पाणीच राहत नाही. नाल्याची धार बारीक झालेली पण तुटलेली नाही, असा तो काळ. कृषी सहायकाने येऊन जागा दाखवली: नाला जिथे अरुंद होतो, दोन्ही काठ पक्के आहेत आणि वरच्या अंगाला पाणी पसरायला जागा आहे अशी. सिमेंटची रिकामी पोती हा या बंधाऱ्याचा जीव. घरकुलांची बांधकामं चालू होती, तिथून मुलींनी घराघरांत फिरून ती गोळा केली. झटकताना उडालेल्या सिमेंटने हात चरचरले, तेव्हा कोणीतरी घरून खोबरेल आणलं. दाभण आणि सुतळी गावातल्या दुकानातून.

मी उत्साहाने पहिलं पोतं गळ्यापर्यंत भरलं. त्याच चिंध्यावाल्या मुलीने ते आडवं करून पाहिलं आणि परत ओतलं. "सर, पुरं नोका भरू. बसत नाई ते मंग." दोन तृतीयांश भरलेलं पोतं दाबलं की पसरतं आणि शेजारच्या पोत्याला बिलगतं, गच्च भरलेलं गोल राहतं आणि फटीतून पाणी निघून जातं. खालचा थर रुंद, वरचे थर कमी होत जाणारे, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही आणि पोत्यांच्या दोन ओळींच्या मध्ये चिकण माती तुडवून बसवायची. हे कोणाला शिकवावं लागलं नाही. धानाच्या बांधीचे धुरे बांधून ज्यांचं बालपण गेलं ती मुलं पाणी कुठून निसटेल ते नुसतं पाहून सांगत होती. इतिहासाच्या तासाला ज्या मुलाच्या तोंडून शब्द निघत नाही, तो गुडघाभर पाण्यात उभा राहून बाकीच्यांना हुकूम सोडत होता आणि प्राध्यापकांच्या हातातलं पोतंही खुशाल नाकारत होता. गावातली, म्हणजे कुहीतली, जी मुलं वर्गात पुढे बसतात त्यांच्याकडे फोटोचं काम आलं. तेही सोपं नव्हतं. मूल्यांकनाला लागणारा फोटो जिओ-टॅग असावा लागतो, त्यावर अक्षांश-रेखांश उमटावे लागतात आणि नाल्यात रेंज नव्हती. दोघे जण मोबाइल वर धरून काठावर, मग बाभळीवर चढले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अबे, झाडाचा फोटो जाईन तिकडे!"

दुपारी खालच्या अंगाचे दोन शेतकरी आले. त्यांचं म्हणणं, वरच्यांसाठी तुम्ही आमचं पाणी अडवता. रास्त होतं. अशा वेळी सरांनी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते आणि मी बोललोही, पाणी मुरतं, विहिरींना येतं वगैरे. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी गावच्या सरपंचताई आल्या. त्यांनी एका बाजूची वरची पोती काढून सांडवा मोकळा ठेवायला लावला आणि खालच्या दोघांपैकी एकाच्याच मुलाला बंधाऱ्याची देखरेख दिली. वाद तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मागे दूरवर चढलेलं होतं आणि म्हशी आधीच येऊन बसल्या होत्या. त्या वर्षी त्या बाजूच्या हरभऱ्याला एक पाणी जास्त मिळालं असं लोक म्हणतात. किती जास्त ते मी मोजलेलं नाही. उन्हाने प्लास्टिक झिजतं, त्यामुळे बंधारा काही महिन्यांचाच असतो. पुढच्या वर्षी नवी पोती, नवी फट शोधायची.

संध्याकाळ हा आमच्याकडचा दुसरा पेच. ऑक्टोबरच्या शेवटी सहाला अंधारतं आणि वेलतूर, पचखेडी, तितूर या बाजूच्या मुलींना शेवटची बस चुकवून चालत नाही. पूर्वी कुहीवरून इतवारी-नागभीड नॅरोगेज जायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेली मुलं एकदम एसटीच्या वेळापत्रकाला बांधली गेली. शहरातल्या महाविद्यालयांत युवा महोत्सवाच्या तालमी रात्री आठपर्यंत चालतात. आमच्या तालमी दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन, अर्ध्या तासाच्या. नृत्यातली एक मुलगी नेहमी सोंगणीवर असल्याने तिच्या जागी दप्तर ठेवून बाकीच्या नाचतात.

नवरात्रात कोणीतरी दांडियाचा ठराव आणला होता. मुलींनी तो फेटाळला आणि भुलाबाई मागितली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या भागात घरोघरी भुलाबाई-भुलोजी बसतात. गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. महाविद्यालयातल्या मुली या खेळाच्या वयातून गेलेल्या असतात असा माझा समज होता. कोजागिरीच्या आदल्या दिवशी भर दुपारी व्हरांड्यात त्यांनी ती मांडली आणि काही जणींच्या आयासुद्धा आल्या. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, त्याचा हाही एक परिणाम. आयांना जास्त गाणी येत होती. एका डब्यावर मुली अडल्या. करंजी झाली, साटोरी झाली, मुरमुऱ्याचा लाडू झाला. डबा उघडला तर आत उकडलेले शिंगाडे. ज्यांच्या गावात तलाव आहे त्या मुली चिडल्या, हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून. या कार्यक्रमाचं परिपत्रक नव्हतं, त्यामुळे बॅनरही नव्हतं, आणि वार्षिक अहवालात तो कोणत्या शीर्षकाखाली घालावा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. 'भारतीय ज्ञान परंपरा' असं लिहा, असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं. सध्या ते शीर्षक चलनात आहे.

वाचन प्रेरणा दिनाचंही तसंच. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, ग्रंथालयात टेबलावर पुस्तकं मांडायची, मुलांनी ती हातात धरायची, तासभर वाचायची. उपक्रम चांगला आहे. पण आमच्या निम्म्या मुलांसाठी पुस्तकांचा खरा दिवस त्याच्या आगेमागे येऊन गेलेला असतो. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी: बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो त्यात कुही तालुक्यातून मिळेल त्या वाहनाने गेलेली घरंच्या घरं असतात, आणि येताना जवळपास प्रत्येकाच्या पिशवीत पुस्तक असतं. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता. तीन दिवसांनी आम्ही मुलांना सांगितलं, ग्रंथालयातलं घेऊ नका, घरी जे असेल ते आणा. एकाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणलं, त्यावर आजोबांच्या सहीखाली वर्ष लिहिलेलं होतं, मग वडिलांची सही आणि वर्ष. दुसऱ्या एकाच्या घरी 'ग्रामगीता' निघाली, हळदीकुंकवाचे डाग पडलेली. तिसऱ्याने संकोचाने पोलीस भरतीचं मार्गदर्शक पुढे केलं. सगळ्यात जास्त झिजलेलं पुस्तक तेच होतं. मी त्याला ते टेबलावर मधोमध ठेवायला सांगितलं.

'ग्रामगीते'वरून आठवलं. आमचं विद्यापीठ १९२३ चं, पण २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८ ला, आणि गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी सोहळाही याच ऋतूत, अश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला असतो. त्यानिमित्त आम्ही खंजिरी भजन ठेवतो. मोबाइलवर कायम रिमिक्स ऐकणारी पोरं खंजिरी हातात आली की कशी वाजवतात ते एकदा ऐकायला हवं. त्यांच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ असतं, लहानपणापासून संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत बसून हात तयार झालेला असतो. भजन म्हणताना मात्र एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वर जायला पाहतो आणि स्पर्धा नसलेल्या कार्यक्रमाचीही स्पर्धा होते. परीक्षक म्हणून मला बसवतात. मला तालाचं फारसं कळत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणूनच बसवत असावेत. निकालावर वाद घालायला मोकळीक राहते.

भित्तिपत्रकासाठी मी 'माझं गाव' असा विषय दिला होता, अगदी शाळकरी, लवकर लिहून होईल म्हणून. एका मुलीने दोन पानं आणली. त्यात पोळ्याचं मैदान, चावडीजवळचा पिंपळ, नदीकडे उतरणारी पायवाट, पाण्याला जाणाऱ्या बायका, सगळं बारकाईने. मी विचारलं, हा पिंपळ अजून आहे का? "मी पायलाच नाई सर. आजी सांगते." तिचं गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलं, ती जन्मली पुनर्वसनात. धरणाचं भूमिपूजन १९८८ च्या एप्रिलमध्ये झालं, तेव्हा तिच्या आईचंही लग्न झालेलं नव्हतं. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर, पाच नद्यांच्या संगमाचं, याच धरणाने विस्तारलेलं पाणी पाहायला आता नागपूरहून गाड्या येतात आणि आमची मुलंही दिवाळीत तिथं जाऊन फोटो काढतात. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' त्याच आंभोऱ्याचा असं आमच्याकडे मानतात. अंबेजोगाईची माणसं ते मान्य करत नाहीत आणि मी वर्गात दोन्ही बाजू सांगतो. पण त्या मुलीची दोन पानं वाचल्यापासून तो संगम दाखवायला विद्यार्थ्यांना नेताना मी मुकुंदराजांवर थोडं कमी बोलतो. तिथं कोणाचं काय बुडालंय ते आधी विचारतो. दर वेळी दोघे-तिघे हात वर करतात.

सहलीचं म्हटलं तर अडम हे आमच्या तालुक्यातलं फार मोठं ठिकाण. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अमरेंद्र नाथ यांनी १९८८ ते १९९२ या काळात तिथं उत्खनन केलं आणि तटबंदीचं प्राचीन नगर उजेडात आणलं. अस्सक जनपदाचं नाव असलेली मातीची मुद्रा तिथंच सापडली. मांढळला तर वाकाटकांचे ताम्रपट आणि शिल्पं मिळाली, आमच्याच विद्यापीठाने १९७० च्या दशकात तिथं खोदकाम केलं. मुलांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे पाहतात. अडमजवळच्या एका मुलाने विचारलं, "एवढं होतं तं मंग आता काऊन काई नाई इथं?" इतिहासाचे सर आणि मी, दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. त्याला एकही पटलं नाही.

युवा महोत्सवाला आम्ही प्रहसन नेलं होतं. नायक झालेला मुलगा गावच्या खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, उतरणारा. त्याला तालमीत काही सांगावंच लागत नव्हतं. अडचण घड्याळाची होती. प्रहसनाला दहा मिनिटं. नागपूरच्या सभागृहात, दिवे खाली गेलेले, प्रेक्षक काळोखात गप्प, परीक्षक पुढे वही घेऊन. हा पहिलं वाक्य टाकून थांबला. खडी गंमतीत तिथं समोरून कोणीतरी काहीतरी बोलतं आणि त्याला उत्तर देत खेळ पुढे सरकतो. इथं कोणीच काही बोललं नाही. तो थांबूनच राहिला, मग गडबडला, मग सावरून वेगाने सुटला. घंटा झाली तेव्हा आमचा शेवट राहून गेला होता. बक्षीस अर्थात नाही. परतताना बसमध्ये तो म्हणाला, "लोकं मेल्यासारखे बसले होते सर." नाटक समजणारे लोक असेच बसतात असं मी त्याला सांगितलं, पण सांगताना माझाही त्यावर विश्वास नव्हता.

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, शेजारच्या गावाशी टक्कर होणार नाही अशी ठरवलेली. लेकी-जावई येतात, शिंगाड्यांचे, मिठाईचे, खेळण्यांचे ठेले लागतात, दिवसा दंडार नाही तर खडी गंमत, रात्री नाटक. पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडशाच्या मंडळ्यांची नाटकं होळीपर्यंत गावोगाव फिरतात. तो फार मोठा पसारा आहे. आमच्या तालुक्यात त्याची पश्चिमेकडची कड येते. त्या मुलाने आपल्या गावच्या मंडईचं आमंत्रण दिलं होतं. गेलो. दोन शाहिरांचा सामना, इकडच्या भाषेत दुय्यम, रंगला होता आणि मध्येच हा आला, तेच प्रहसन घेऊन. दहा मिनिटांचं पाऊण तासाचं झालेलं. आमच्या संहितेतला ग्रामसेवक आता त्याच गावच्या ग्रामपंचायतीत बसत होता, त्याच गावच्या नाल्यावर बंधारा बांधत होता, आणि पोतं गळ्यापर्यंत भरणारा एक 'सर' त्यात नव्याने आला होता. पहिल्या वाक्यानंतर तो थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, त्याने तिथल्या तिथं उत्तर दिलं आणि सगळी मंडई हसली. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "तुमी कुटचे जी?" मी कुहीच्या कॉलेजचा म्हणालो. "मंग तुमचंच हाये हे," त्यांनी 'सर'कडे बोट दाखवलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता अशा सहअभ्यासक्रमाला श्रेयांक दिलेत. मंडईत पाऊण तास गाव धरून ठेवणाऱ्या मुलाला ते कोणत्या रकान्यात द्यायचे, हे मी विचारून पाहिलं. महाविद्यालयाचं पत्र आणि सहभागाचं प्रमाणपत्र हवं, असं उत्तर मिळालं. मंडईचं प्रमाणपत्र कोण देणार? सरपंचताईंना सांगितलं तर त्या लेटरपॅडवर लगेच लिहून देतील, तोही मार्ग मी सोडलेला नाही.

हिवाळी परीक्षा लागते तेव्हा धानाचे भारे बांधून पुंजणे रचलेले असतात आणि चुरणी बाकी असते. आता हार्वेस्टरही फिरतात, त्यामुळे काहींची सुटका लवकर होते आणि काहींची मजुरी बुडते. परीक्षागृहात पर्यवेक्षण करताना बाकांवरचे हात पाहण्याची मला सवय लागली आहे. कोणाच्या बोटांना कापसाच्या बोंडाचे ओरखडे, कोणाच्या नखांत काळी माती. पेपर मात्र सगळ्यांचा सारखा, तीन तासांचा.

आणि परीक्षा संपते न संपते तोच रासेयोच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराची तारीख ठरवायची असते. पन्नास स्वयंसेवक हवेत. तारीख ठरवायला आम्ही वर्गात बसतो तेव्हा फळ्यावर काट मारत जावं लागतं: या आठवड्यात पुरवणी पेपर, त्या दोन दिवशी दत्तक गावचीच मंडई, पुढे चुरणी. एवढ्यातून एक आठवडा मोकळा निघाला की मागून मिरची येते. डिसेंबर लागला की मांढळ, कुहीकडचे मिरचीचे सातरे सुरू होतात. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायचे, मजुरी वजनावर. दिवसभर खोकत, डोळे चोळत केलेलं काम, पण रोजचा पैसा. मुलींचं म्हणणं सरळ आहे. सात दिवस शिबिरात राहायचं म्हणजे सात दिवसांची खुडणी गेली. मी श्रेयांकांचं सांगितलं, प्रमाणपत्राचं सांगितलं. चिंध्यावाली मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, तिने मधला मार्ग काढला: "सर, ज्या घरी दोघी बहिनी हाये ना, त्याइची एक शिबिराले, एक सातऱ्यावर. मी बोलून पायतो त्याइच्या घरी." यादीत त्रेचाळीस नावं झाली आहेत. उरलेल्या सातांसाठी ती आणि मी सातऱ्यावरच जाणार आहोत, बाजाराच्या आदल्या दिवशी, मजुरीचा हिशोब होतो तेव्हा. त्या वेळी सगळ्या जणी एका जागी सापडतात आणि मालकही जरा बऱ्या मूडमध्ये असतो.